मास्तरांचा कापूस

फाल्गुन लागला की माझ्या पोटात गोळा येतो. शेतातल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या जातात, हरभऱ्याचे घाटे वाळून खुळखुळू लागतात, दुपारचा वारा तोंडावर धूळ आणून टाकतो, आणि एरवी ज्यांच्याकडे कुणी पाहत नाही ती पळसाची झाडं एकाएकी लालभडक होऊन रस्त्याकडेला उभी राहतात. लोकांना शिमगा आठवतो. मला परीक्षा आठवते. मी स्वतः मास्तर आहे, वाशीमला भूगोल शिकवतो. प्रश्न मीच काढतो, पेपर मीच तपासतो, आणि मी वर्गात शिरलो की मुलं चिडीचूप होतात. तरी या दिवसांत सकाळी जाग येते ती छातीत धडधड घेऊनच. बायको म्हणते, पेपर पोरांचे आणि घाम तुम्हाला. तिला काय सांगणार? पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका फाल्गुनात मी भर सभेत एक खोटं बोललो होतो, आणि ते मी तिलाही सांगितलेलं नाही.

यंदा तर गोळा माघातच आला. गावाहून पोस्टकार्ड आलं. गाव म्हणजे केनवडजवळचं आमचं खेडं. कार्डावर पाटलांचं तिरकं अक्षर. मास्तरांच्या कापसाची परीक्षा यंदा तुम्ही घ्यावी, गावाची इच्छा आहे, काकूंचीही आहे. एवढंच. मी ते कार्ड तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा 'काकूंचीही आहे' या शब्दांशी येऊन अडखळलो. हात गार पडले होते. भर उन्हात ओसरीवर बसलेल्या चाळिशीला टेकलेल्या माणसाचे हात गार पडावेत, असं त्या कार्डात दुसऱ्या कुणाला काही दिसलं नसतं.

मास्तरांचा कापूस म्हणजे आमच्या गावची शिष्यवृत्ती. शाळेच्या भिंतीवर पाटी आहे, 'तुळशीराम मास्तर स्मारक शिष्यवृत्ती' अशी. पण ही पाटी वाचायला आणि बोलायला इतकी अवघड की गावानं तिचा नाद सोडला. यंदा मास्तरांचा कापूस कोणाला, असंच लोक विचारतात. आणि तो कापूस पहिल्यांदा ज्याला मिळाला, तो मी.

तुळशीराम मास्तर कुणब्याचे. अकोल्याला मास्तरकी शिकून आलेले, उंच, किंचित वाकलेले, अंगाला खडूचा आणि काताचा वास. वर्गात यायच्या आधी ते दाराजवळच्या रांजणापाशी थांबत आणि तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन मग आत येत. आम्हाला वाटे, मास्तरांना तहान फार. त्यांच्याजवळ छडी होती, पण ती नकाशावरच्या नद्या दाखवायला. ते खुर्चीवर बसत नसत. भिंतीला टेकून घोंगडी टाकत आणि तिच्यावर मांडी घालून शिकवत. प्रश्न विचारला आणि एखादा नुसता मान खाली घालून उभा राहिला, तर ते उत्तरासाठी वाट पाहत. कुणी ठोकून दिलं, तर नाराज होत. पण कुणी सरळ म्हणालं, "मास्तर, मले माईत नाही," तर त्यांचा चेहरा उजळे. ते घोंगडीवर जरा बाजूला सरकत, शेजारची जागा हातानं झटकत आणि म्हणत, "ये, जवळ बस." मग तो धडा संपेपर्यंत त्या मुलानं मास्तरांच्या घोंगडीवर बसायचं. आजूबाजूच्या शाळांमध्ये 'माईत नाही' म्हटलं की हातावर छडी बसे. आमच्याकडे त्याला घोंगडी मिळे.

मी त्या घोंगडीवर कधी बसलो नव्हतो. हुशार होतो म्हणून नव्हे. मी भित्रा होतो. 'माईत आहे' म्हणायची भीती, 'माईत नाही' म्हणायचीही भीती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यामागे तर त्याचं सगळं गणगोत होतं. मास्तरांनी ते ओळखलं असावं. शाळा सुटली की ते मला घरी घेऊन जात. घर शाळेला लागूनच. मास्तरीणबाईंना आम्ही सगळे काकू म्हणत असू. त्यांना मूल नव्हतं. त्या चुलीपुढे भाकरीचं पीठ घेऊन बसलेल्या असत आणि मास्तर शेजारी बसून मला शिकवत, म्हणजे गप्पा मारत. चुलीच्या उजेडात मला भीती वाटत नसे, का कोण जाणे.

एका संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, आपल्या नाल्याचं पाणी कुठं जातं? मी लगेच म्हणालो, मुंबईला. यात माझी चूक नव्हती. आमच्या गावचा कापूस रिसोडच्या बाजाराला जाई आणि तिथून म्हणे मुंबईला. चांगली सरकी मुंबईला, पाटलांचा पुतण्या मुंबईला. आमच्याकडून जे काही जातं ते मुंबईला जातं, अशी गावाची पक्की समजूत होती. मग पाणीच मागं कसं राहील? मास्तर हसले. त्यांनी काकूंपुढची पिठाची काठवट ओढली, कोरडं पीठ हातानं सारखं केलं आणि त्यात बोटानं रेघ काढली. हा आपला नाला. हा पैनगंगेला गेला. पैनगंगा वर्धेत. वर्धा वैनगंगेला भेटली, दोघींची झाली प्राणहिता. ती गोदावरीत. आणि गोदावरी कुठं, तर उगवतीकडं, बंगालच्या उपसागरात. मग त्यांनी पीठ पुन्हा सपाट केलं आणि म्हणाले, आता तू काढ. मी काढलं. एकदा चुकलो, दुसऱ्यांदा बरोबर आलं. काकू कातावल्या, "भाकरी थापू का तुमच्या नद्या पाहू?" त्या दिवशीच्या भाकरी उशिरा झाल्या. बोटाखालच्या त्या गार मऊ पिठाचा स्पर्श मला अजून आठवतो.

पुढच्याच भाद्रपदात मास्तर गेले. आठ दिवसांचा ताप. शाळेत दुसरे मास्तर यायला दिवाळी उजाडली. तोवर दाराजवळचा रांजण कोरडाच होता.

गावानं ठरवलं, मास्तरांचं काहीतरी करायचं. पाटील म्हणाले, पिंपळाखाली चांगला दगडी ओटा बांधू, वर त्यांच्या पादुका. सगळ्यांना पटलं. तेव्हा काकूंनी आतून निरोप पाठवला, की ओटा नको. त्याच्यावर कुत्री बसतील आणि पत्ते कुटणारे बसतील. त्यापेक्षा दरसाल एक लेकरू वाशीमला इंग्रजी शाळेत धाडा. पाटलांना हे फारसं रुचलं नाही, पण विधवेचा शब्द कोण मोडणार? मग असं ठरलं, की बाजाराला जाणाऱ्या प्रत्येक गाडीनं शाळेपाशी थांबायचं आणि एक कवळ, म्हणजे दोन्ही हातांच्या कवेत मावेल तेवढा, कापूस आत टाकायचा. फाल्गुनात वाशीमहून शाळा तपासणाऱ्या एका निवृत्त डिप्टीसाहेबांना बोलवायचं, चौथी झालेल्या पोरांना सगळ्या गावासमोर प्रश्न विचारायचे, आणि लायक निघेल त्याला पाठवायचं. कोणीच लायक निघालं नाही तर पाटलांचा ओटा. निवड होईपर्यंत कापूस विकायचा नाही.

तो हिवाळा मी विसरूच शकत नाही. वर्गाच्या कोपऱ्यात, जिथं मास्तर घोंगडी टाकत तिथंच, कापूस पडू लागला. आधी गुडघ्याएवढा. मग कमरेएवढा. पौषात तो खिडकीला लागला आणि वर्गात उजेड कमी झाला. सरकीचा तो तेलकट, उबट वास आमच्या पाट्यांना आणि कपड्यांना लागला. इतर पोरं मधल्या सुट्टीत त्याच्यावर उड्या मारत. मी जवळ जात नसे. मला त्या ढिगाची भीती वाटे. येताजाता गाडीवान आत डोकावत, कवळ टाकत आणि चौथीतल्या आम्हा पाच जणांकडे पाहून म्हणत, मास्तराचं नाव राखजा रे पोट्टेहो. रोज कोणीतरी म्हणे. माझ्या बापानंही आमच्या वावरातला कापूस टाकला, शिगोशीग कवळ घेऊन, आणि माझ्याकडे न पाहता निघून गेला. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं.

नापास होण्याची भीती सगळ्यांना कळते. पास होण्याची भीती कोणाला सांगावी? मी रात्रंदिवस एकच हिशेब करत होतो. हा ढीग ज्याच्या नावावर चढेल त्यानं वाशीमला जाऊन नापास व्हायचं नाही, आजारी पडायचं नाही, पळून यायचं नाही. तो चुकला तर मास्तर चुकले. मेलेल्या माणसाला आपली चूक सुधारता येत नाही, तेव्हा ती कायमची राहणार. अकरा-बारा वर्षांचा होतो मी. एवढं ओझं बैलाच्याही मानेवर एकदम ठेवत नाहीत.

आताही, वाशीमच्या सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यावरून जाताना सरकीचा वास आला की मी पावलं उचलून पुढं होतो. बरोबरची माणसं म्हणतात, गुरुजींना घाई फार.

परीक्षेच्या दिवशी शाळेपुढच्या पटांगणात कडुनिंबाखाली सगळं गाव जमलं. पानगळ चालू होती, पिवळी पानं लोकांच्या पागोट्यांवर पडत होती. डिप्टीसाहेबांना विडी ओढायची होती, पण आत कापूस असल्यामुळे पाटलांनी त्यांना दोनदा उठवून विहिरीपलीकडे नेलं, त्यामुळे साहेब आधीच चिडलेले. काकू शाळेच्या दारात पदर घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यामागे अंधारात तो पांढरा ढीग. आम्ही पाच जण ओळीत. मी शेवटचा. साहेबांनी गणितं घातली, कविता म्हणवल्या. त्यात आम्ही सगळे जेमतेम सारखे. मग त्यांनी घड्याळ काढून पाहिलं आणि म्हणाले, शेवटचा प्रश्न, यावर निकाल. तुमच्या या नाल्याचं पाणी शेवटी कोणत्या समुद्राला मिळतं?

माझ्या काळजाचं पाणी झालं. पहिला मुलगा म्हणाला, मुंबईच्या. दुसरा म्हणाला, मुंबईच्या. तिसरा अधिक मोठ्यानं म्हणाला. चौथा म्हणेपर्यंत पाटीलही मान डोलावू लागले होते, आणि माझा बापही. साहेबांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मला येत होतं. पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी, सगळं माझ्या उजव्या हाताच्या बोटात होतं, बोट आपोआप हलतसुद्धा होतं. मी तोंड उघडलं. तेवढ्यात नजर काकूंच्या मागं गेली. तो ढीग. मी बरोबर सांगितलं की तो माझा. मी म्हणालो, "मले माईत नाही."

बस. सुटलो, असं वाटलं. एक क्षणभर इतकं हलकं वाटलं की रडू येईल. मग साहेबांनी कागद दुमडला आणि म्हणाले, पाचांतला एकही लायक नाही. लोकांत कुजबूज झाली. पाटील उठले, म्हणाले, चला, मास्तरांच्या नशिबात ओटाच होता. आणि तेव्हा मला कळलं मी काय केलं. मी फक्त स्वतःला वाचवलं नव्हतं. मी मास्तरांना पिंपळाखाली कुत्र्यांच्या हवाली केलं होतं. आता तरी बोल, असं मी स्वतःला सांगत होतो. माझी भीती एवढी होती, की एका भीतीतून सुटायला दुसरी आड येत होती.

तेवढ्यात काकू दारातून पुढं आल्या. बाईमाणसानं, त्यातही विधवेनं, सभेत बोलायची रीत नव्हती. त्या साहेबांकडे न पाहता पाटलांशी बोलल्या. "भाऊजी, चौघानं ठोकून देल्लं. हा एकटा 'माईत नाही' म्हने. त्याइच्या शाळेत असं म्हननाऱ्याले जवळ बसवत. याले धाडा."

मग कुणीतरी म्हातारा म्हणाला, खरं हाये. मग सगळेच म्हणू लागले. साहेब पाहत राहिले. माझ्या बापानं पागोटं काढून डोळे पुसले. करायला गेलो एक आणि झालं भलतंच. ज्या ढिगापासून पळत होतो तो माझ्याच अंगावर येऊन पडला होता, आणि तोही खरेपणाचं बक्षीस म्हणून.

पुढची सात वर्षं मी वाशीमला काढली. गावचा कोणी माणूस कचेरीच्या किंवा बाजाराच्या कामाला आला की वर्गाच्या खिडकीपाशी येऊन उभा राही. मला भेटायला नव्हे. आपला कापूस कसा आहे ते पाहायला. पोरांनी माझं नाव 'कापूस' ठेवलं. दर फाल्गुनात परीक्षेच्या आधी मला ताप येई. मी पास होत गेलो, ते हुशारीनं नाही, भीतीनं. पेपरात एखादं उत्तर येत नसलं की मी जागा कोरी सोडायचो. ठोकून द्यायची मला चोरी होती. निदान पुढं तरी खोटं नको.

गावी दरसाल नवं पोर निवडलं जात होतं, आणि तिथं एक वेगळीच गंमत झाली. गावकऱ्यांनी माझ्यावरून धडा घेतला. पहिल्या वर्षी कापूस 'माईत नाही'ला मिळाला ना? मग आईबाप घरी पोरांना तेच पढवू लागले. साहेबांनी काही विचारलं की पोरगं छाती काढून म्हणे, माईत नाही. एका वर्षी तर सहाच्या सहा जणांनी सगळ्या प्रश्नांना तेच उत्तर दिलं. एकाला बापाचं नाव विचारलं, तरी तो 'माईत नाही'च म्हणाला, आणि बाप पुढच्याच रांगेत बसलेला. ही गोष्ट गावात अजून हसून सांगतात. मी पण हसतो, आणि आतून पार गार होतो. मास्तरांनी जन्मभर जी एक गोष्ट जपली, ती मी एका खोट्यानं नासवली होती. चोराच्या मनात चांदणं, म्हणूनच बहुधा मी इतकी वर्षं सणावारालाही काकूंच्या घरी दहा मिनिटांपेक्षा जास्त बसलो नव्हतो.

पोस्टकार्ड आल्यावर मी ठरवलं, आता सांगून टाकायचं. ज्याच्या खोट्यापायी परीक्षा बिघडली त्यानं परीक्षक होऊन खुर्चीवर बसायचं, हे मला जमणार नव्हतं. रिसोडपर्यंत मोटार, पुढं गाडी. गाडीवान सारखा बोलत होता, मला एक शब्द कळत नव्हता. दोन्ही बाजूंना पळस पेटलेले. वाटेत नाला लागला, त्यात घोटाभर पाणी होतं, आणि ते नेहमीसारखं उगवतीकडे चाललं होतं.

काकू ओसरीवर बसल्या होत्या. पाठ वाकलेली, एक डोळा गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू. खाली मास्तरांची तीच घोंगडी, आता कडेनं विरलेली. शेजारच्या पटांगणात परीक्षेची पोरं पाठांतर करत होती, त्यांचा आवाज येत होता. मी पाया पडलो आणि उभाच राहिलो. बसलो असतो तर धीर गेला असता. सांगितलं. त्या दिवशी मले येत होतं काकू. मी खोटं बोललो. मले भेव वाटलं म्हणून. सांगताना मी पुन्हा बारा वर्षांचा झालो होतो, आणि आता त्या हाकलतील, असंच वाटत होतं.

काकूंनी घोंगडीची विरलेली कड हातानं सारखी केली. मग म्हणाल्या, "मले ठाऊक व्हतं. माह्याच काठवटीत तं नद्या काढल्या व्हत्या तुमी दोघानं."

इतकी वर्षं मी जी गोष्ट लपवत आलो, ती जिच्यापासून लपवत होतो तिच्या पिठातच उमटलेली होती. हे माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं.

"मंग मले काहून धाडलं?"

"तू त्या कापसाकडं पाहून खोटं बोल्ला. मी पायलं ना." त्या हळूहळू, एकेक शब्द चाचपत बोलत होत्या. "चौघाइले तो कापूस दिसलाच नाही. ज्याले त्याचं भेव वाटलं, त्याच्याच हाती द्यावा म्हटलं. तुहे मास्तर बी भेत. रोज. वर्गात जायाच्या आधी हात कापे त्याइचे. म्हून तं पानी पेत."

रांजण माझ्या डोळ्यांपुढं आला. तांब्या, आणि घटाघटा पाणी पिणारा तो उंच माणूस. मीही वर्गात जाण्याआधी पाणी पितो. आजवर मला वाटायचं, वाशीमचं ऊन कडक.

मी परीक्षेबद्दल विचारलं. पोरं 'माईत नाही' पाठ करून येतात, त्याचं काय करू? त्या म्हणाल्या, "पाठ केलेलं कोन्तं आन् भेलेलं कोन्तं, ते तुले कळते. म्हून तं बोलावलं." आणि मग, जशा काही भाकरीच थापत बसल्या आहेत अशा आवाजात, "आता सांग. आपल्या नाल्याचं पानी कुठी जाते?"

पंचवीस वर्षं उशीर झालेलं उत्तर मी दिलं. पैनगंगा. वर्धा. प्राणहिता. गोदावरी. एकही नदी चुकली नाही. बंगालच्या उपसागराला, मी म्हणालो.

"आन् तथून पुढं?"

मी विचार केला. नकाशे आठवले, वर्गात शिकवलेलं सगळं आठवलं. पुढचं मला खरोखरच सांगता येत नव्हतं.

"काकू, मले माईत नाही."

त्या घोंगडीवर जरा बाजूला सरकल्या, शेजारची जागा हातानं झटकली आणि म्हणाल्या, "ये, जवळ बस."